कोपऱ्यावर उतरणारी माणसं

माझ्या मावशीला आमच्या भागात सगळेच मावशी म्हणतात. शाळेतली मुलं म्हणतात, त्यांचे आईबाप म्हणतात, मुख्याध्यापक म्हणतात. एकदा तर तिच्याहून चांगले दहा वर्षांनी मोठे असलेले एक आजोबा तिला मावशी म्हणताना मी माझ्या कानांनी ऐकलंय. खरी भाची मी एकटीच, पण रस्त्यावर माझ्या हक्काला कुणी विचारत नाही.

मावशी शाळेसमोरच्या रस्त्यावरून मुलांना पलीकडे पोचवते. अंगात पिवळं जॅकेट, हातात दांड्यावर बसवलेली 'थांबा' अशी गोल पाटी आणि घशात असा आवाज की ट्रकवाल्याने गाणं बंद करून ऐकावं. नगरपालिकेच्या दप्तरी तिच्या कामाला एक लांबलचक नाव आहे, ते तिलाही पाठ नाही. नवीन कुणी या कामावर लागलं की शिकायला तिच्याकडेच धाडतात. ती त्यांना दोनच गोष्टी सांगते. पाटी हातातून सोडायची नाही आणि लक्ष मुलांवर नाही, रस्त्यावर ठेवायचं. मुलं आपली आपण येतात, गाड्या आपल्या आपण थांबत नाहीत.

माझी आई गेली तेव्हा मी चिमुरडी होते. मावशी तेव्हा धुलाईच्या दुकानात इस्त्री करायची. मला तिने पोटच्या पोरीसारखं वाढवलं आणि लग्न केलं नाही. माझ्यामुळे राहिलं असं लोक म्हणतात. ती म्हणते, तसं काही नाही, आलेल्यांत घेण्यासारखा एक नव्हता. माझ्या नवऱ्याला मात्र तिने पहिल्या भेटीतच पसंत केलं, कारण गप्पा मारता मारता त्याने आमचा वर्षभर बंद पडलेला पंखा खोलून चालू केला. त्याचं स्वतःचं म्हणावं असं घर नव्हतं, म्हणून लग्नानंतर तो आमच्याच दोन खोल्यांत राहायला आला. घरजावई म्हटलं की लोकांना चेव येतोच. मावशीने त्याला पहिल्या दिवसापासून 'जावईबापू' म्हणायला सुरुवात केली. ती हे चिडवत म्हणायची, पण त्यात मानही होता आणि दुसऱ्या कुणी चिडवायची सोयही उरली नव्हती.

मग आमच्या भागात स्कूटर आल्या. बसायच्या नव्हेत, उभ्याने चालवायच्या. एक फळी, दोन चाकं, एक दांडा आणि पोटात बॅटरी. फोनवर टकटक केलं की सुरू होते, काम झालं की जिथे असाल तिथे सोडायची. एका सकाळी फूटपाथवर त्यांची हिरवीगार रांग उभी दिसली आणि दुपारपर्यंत गल्लीने त्यांचं बारसंही करून टाकलं. हिरवे टोळ.

टोळांवर प्रत्येकाला बोलायचं होतं. पाववाला म्हणायचा, दुकानाच्या दारातच आडव्या टाकतात, गिऱ्हाईक अडखळतं. दुसऱ्या मजल्यावरचे पेन्शनर म्हणायचे, आवाज नाही हाच या गाडीचा कावा, मागून येते तरी कळत नाही. कॉलेजातल्या मुली म्हणायच्या, बस वेळेवर येत असती तर कशाला कोण चढलं असतं. एक बाई म्हणायच्या की धूर नाही हे चांगलंच आहे, पण माझ्या दारात नको. ही बाई प्रत्येक सुधारणेबद्दल हेच म्हणते.

या सगळ्या बोलण्याला वळण लावलं ते चष्मेवाल्यांनी. शाळेच्या फाटकासमोर त्यांचं दुकान. साठीचा माणूस, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा परगावी. हात इतका सफाईदार की नाकावर चष्मा ठेवताना त्यांचं बोट कधी गालाला लागलं नाही. दुपारची शाळा भरली की मावशी त्यांच्या दुकानाबाहेरच्या बाकावर टेकायची आणि दोघं चहा प्यायचे. ही मैत्री जुनी होती. मी लहान असताना माझा पहिला चष्मा त्यांनीच केला आणि मी रडू नये म्हणून आधी स्वतः घालून दाखवला. ते तिला 'बाई' म्हणत, ती त्यांना 'चष्मेवाले' म्हणे. याच्या पुढे दोघांनीही कधी पाऊल टाकलं नाही, आणि मी विचारलं तर मावशीने मला लाटणं दाखवलं.

चष्मेवाल्यांचं बोलणं फार छान होतं. आडव्या टाकलेल्या स्कूटरला एक म्हातारं गिऱ्हाईक त्यांच्या दारात अडखळलं, आणि त्यांनी तिथेच उभ्या उभ्या असं काही भाषण केलं की आठवड्यात 'फूटपाथ बचाव मंडळ' निघालं आणि ते त्याचे अध्यक्ष झाले. फूटपाथ हा चालणाऱ्याचा आहे, ज्याला चाकं हवीत त्याने रस्त्यावर जावं. हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलं की पाववाल्याकडे पोपट असता तर तोही म्हणाला असता.

आता गंमत बघा. माझा नवरा तोवर एका कारखान्यात वायरमन होता, तो बंद पडला आणि त्याला नोकरी मिळाली ती नेमकी स्कूटर कंपनीतच. टेम्पो घेऊन फिरायचं, इकडेतिकडे पडलेल्या स्कूटर गोळा करायच्या, उतरलेल्या बॅटऱ्या बदलायच्या आणि सकाळी त्या ठरलेल्या जागी मांडायच्या. मावशीला हे रुचलं नाही, पण ती म्हणाली, पोटाचं काम आहे, करा जावईबापू, फक्त माझ्या फाटकापुढे मांडू नका. त्याने तो शब्द शेवटपर्यंत पाळला.

जेवताना तो आम्हाला गल्लीच्या गमती सांगायचा. एकदा म्हणाला, "मावशी, मंडळ निघाल्यापासून तुमच्या गल्लीत एकही स्कूटर कुणी सोडत नाही. सगळ्या एक वळण अलीकडे सापडतात. पेट्रोल पंपामागे, धुलाईवाल्याच्या कोपऱ्यावर, बँकेच्या आडोशाला. लोक कोपऱ्यावर उतरतात, कपडे झटकतात आणि चालत गल्लीत शिरतात."

मावशी इतकी हसली की तिला ठसका लागला. "लोका सांगे ब्रह्मज्ञान," एवढंच तिला बोलता आलं. मग आम्ही तिघांनी मिळून कोण कोण उतरत असेल याची नावं काढली. पेन्शनर काढले, धूर नसलेल्या बाई काढल्या, शाळेतले दोन शिक्षक काढले. चष्मेवाल्यांचं नाव कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

मावशी पडली ती सकाळ पानगळीची होती. मुलं यायला अजून अवकाश होता. फाटकाजवळ गटाराच्या तोंडाला लोखंडी जाळी आहे, तिच्यात पानं अडकली की पाणी तुंबतं आणि मुलं त्यातूनच चालतात. जाळी साफ करणं तिचं काम नव्हे. पण ज्याचं काम आहे त्याची वाट बघायची तर मुलांनी होड्या आणाव्या लागल्या असत्या. तिने पाटी खांबाला टेकवली, रस्त्याकडे पाठ केली आणि वाकून पानं उपसायला लागली. मागून चाकांचा बारीक आवाज आला. तिला वाटलं, एखादं पोर चाकांचं दप्तर ओढत लवकर आलंय. तिने मागे न बघता डावा हात वर केला, थांब अशी खूण करत. त्यानंतर तिला आठवतो तो फरसबंदीचा गार दगड.

हे सगळं तिने दवाखान्यात फक्त मला सांगितलं, तेही माझा हात घट्ट धरून, कुणाला म्हणून सांगायचं नाही या अटीवर. पाटी हातात नव्हती आणि पाठ रस्त्याकडे होती, म्हणजे तिने स्वतः शिकवलेल्या दोन्ही गोष्टी एका सकाळीच मोडल्या होत्या. नगरपालिकेला कळलं तर म्हणतील, बाईंचं वय झालं, बसवा घरी. म्हणून पोलिसाला, डॉक्टरला, मंडळाला तिने एकच सांगितलं. मी सरळ उभी होते, पाटी हातात होती, मागून कुणीतरी आपटलं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. चष्म्याचा चुरा झाला होता. आपटणारा पळून गेला होता आणि पहिले धावून आले ते चष्मेवाले. ते कोपऱ्यापलीकडून दुकान उघडायला येत होते, किंकाळी ऐकली आणि पळत आले, असं त्यांनी पोलिसाला सांगितलं. तिचं डोकं मांडीवर घेऊन ते गाडी येईपर्यंत फूटपाथवर बसून होते. नंतर रोज दवाखान्यात यायचे. तिचा नंबर त्यांना तोंडपाठ, त्यामुळे नवा चष्मा तिसऱ्याच दिवशी तिच्या नाकावर होता. ते पैशाचं नावही काढू देईनात. मावशी मला म्हणाली, "रक्ताचं कुणी करणार नाही इतकं करतोय ग हा माणूस." मलाही तसंच वाटलं. वाटणारच.

पोलिसांनी लिहून घेतलं, साक्षीदार विचारला, साक्षीदार नाही म्हटल्यावर वही मिटली. कंपनी म्हणाली, दिवसाला शेकडो माणसं चालवतात, कुणाला धरणार. पण गल्लीला कुणीतरी धरायला हवं होतं.

त्या सकाळी माझ्या नवऱ्याचा टेम्पो धुलाईवाल्याच्या कोपऱ्यावर उभा होता. तो रोजच उभा असायचा, तिथेच त्याची मांडायची जागा होती. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. पाववाल्याने टेम्पो पाहिला होता, त्याने तो दुसऱ्याला सांगितला. दुसऱ्याने सांगितलं की ही माणसं टेम्पोतून काढलेल्या स्कूटर स्वतः चालवत जागेवर नेतात. तिसऱ्याने दोन आणि दोन मिळवले. मी भाजीला गेले की बोलणं थांबायचं. एका बाईने तर माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "घरातल्या घरात मिटवलंत, नाही?" मी तिचा हात काढून तिच्याच पिशवीवर ठेवला.

त्याने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की त्या वेळी तो टेम्पोत बसून बॅटऱ्या मोजत होता. आवाज त्यानेही ऐकला, पण रस्त्यावर आवाज होतच असतात. मी त्याला पुन्हा विचारलं नाही. तो खोटं बोलायला लागला तर आधी कान लाल होतात, आणि ते झाले नव्हते.

मावशी घरी आली. तिला उठवायला, बसवायला, न्हाणीघरापर्यंत न्यायला दोन माणसं लागायची. पहिले काही दिवस तो एका बाजूने धरायचा, मी दुसऱ्या. मग माझ्या लक्षात आलं की ती आपला सगळा भार माझ्याकडे टाकते. तो चहा घेऊन आला की तिला झोप लागलेली असायची. आणि 'जावईबापू' हा शब्द तिच्या तोंडून गेला तो गेलाच. चष्मेवाले संध्याकाळी यायचे, तिच्याशी हळू आवाजात बोलायचे आणि जाताना माझ्या नवऱ्याकडे न बघता चपला घालायचे.

एका दुपारी तिने मला जवळ बोलावलं. तो स्वयंपाकघरात नळ दुरुस्त करत होता. ती म्हणाली, "त्याला म्हणावं, थोडे दिवस भावाकडे जाऊन राहा."

"का?"

"मला त्याच्या हाताने उठवत नाही."

मी आवाज चढवला. काय वाट्टेल ते बोलले, त्यातलं निम्मं आता आठवत नाही आणि निम्मं लिहिण्यासारखं नाही. ती भिंतीकडे बघत राहिली. स्वयंपाकघरातला पान्ह्याचा आवाज थांबला होता. तो बाहेर आला, हात पुसले आणि नळ आता गळणार नाही एवढं बोलून कपडे भरायला लागला. मी म्हटलं, मीही येते. तो म्हणाला, "तिला रात्री कोण उठवणार?" या गोष्टीचा मला आजही संताप येतो. तिने हाकललं त्यालाच तिची काळजी होती.

मंडळाची मोहीम मात्र जोरात होती. पिवळ्या जॅकेटमधला मावशीचा फोटो प्रत्येक खांबावर लागला. चष्मेवाले पायाला भिंगरी लावल्यासारखे फिरत होते. ज्या सभेत जातील तिथे मावशीची गोष्ट सांगायचे, आणि सांगता सांगता ती दर वेळी थोडी वाढायची, सगळ्याच चांगल्या बोलणाऱ्यांची वाढते तशी. लोक डोळे पुसायचे. नगरपालिकेने शेवटी मान तुकवली. आमच्या सगळ्या भागातून स्कूटर हलवायचा हुकूम निघाला, कंपनीने इथला डेपो गुंडाळायचं ठरवलं आणि माझ्या नवऱ्याला दुसऱ्या शहरात बदलीचं विचारलं. त्याने हो म्हटलं. मला फोनवर सांगताना म्हणाला, इथे कुणासाठी थांबू, तूच सांग.

विजयाचा समारंभ शाळेच्या सभागृहात झाला. मावशीला चाकाच्या खुर्चीतून नेलं आणि पहिल्या रांगेत बसवलं. मी तिच्या शेजारी, तोंड वाकडं करून. हार झाले, मुख्याध्यापक बोलले, धूर नसलेल्या बाई बोलल्या. मग चष्मेवाले उभे राहिले. त्या दिवशी ते खरंच सुंदर बोलले.

"ही बाई कुणाच्या अध्यात ना मध्यात," ते म्हणाले. "पोरांचे पाय भिजू नयेत म्हणून वाकून गटारातली पानं काढत होती. मागून काळ येतोय याची तिला कल्पना नाही. चाकांचा आवाज आला, तर तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. नुसता डावा हात असा वर केला. थांब बाळा, म्हणून. आपण लेकराला करतो तसा."

आणि त्यांनी स्वतःचा डावा हात खांद्यामागे नेऊन दाखवला.

सभागृहात टाळ्या पडल्या. शेजारची बाई हुंदका देत होती. माझ्या मनगटावर मावशीची बोटं रुतली. पानांचं ती मला सोडून कुणाजवळ बोलली नव्हती. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं ते तिने सांगितलेलं, की ती सरळ उभी होती आणि पाटी हातात होती. पानं एखाद्याने मागाहून तिच्या हाताला चिकटलेली पाहिली असतील, असं मी क्षणभर स्वतःला समजावलं. पण तो हात? तो हात कुणाला दिसला असेल? तिच्या मागे फूटपाथवर तेव्हा एकच माणूस होता, आणि तो स्कूटरवर होता.

मी मावशीकडे पाहिलं. ती समोर बघत होती. टाळ्या संपल्या तेव्हा तिनेही दोनदा हात हातावर टेकवले, कारण सगळे तिच्याकडे बघत होते. घरी आल्यावर म्हणाली, "काखेत कळसा होता ग." आणि मग ती रडली. हाड मोडलं तेव्हा ती रडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या आम्ही गेलो. आता ती काठी आणि माझा खांदा यांच्या जोरावर थोडं चालू शकत होती आणि खुर्चीतून जायचं नाही असं तिने ठरवलं होतं. चष्मेवाले काचेला कड लावत होते. तिला पायावर उभी पाहून त्यांचा चेहरा फुलला, ते स्टूल आणायला वळले. तिने बसायला नकार दिला.

"मी हात वर केला होता, ते तुम्ही कुठून पाहिलंत?" तिने विचारलं.

काच घासायचं यंत्र फिरत राहिलं होतं. त्यांनी ते बंद केलं. मी वाट बघत होते की आता ते काहीतरी छान वाक्य बोलतील, पण त्यांच्याजवळ वाक्य नव्हतं. त्यांनी सांगितलं ते गुडघ्यांचं. दोन्ही गुडघे गेलेत, बसमध्ये उभं राहवत नाही, घर लांब. पहिल्या महिन्यापासून ते रोज सकाळी स्कूटरवर येत होते आणि कोपऱ्यावर उतरत होते. एकदा अध्यक्ष झाल्यावर उघड कसं चढणार? त्या दिवशी रस्ता मोकळा होता, फूटपाथही मोकळा होता, गुडघा ठणकत होता, म्हणून कोपऱ्यावर उतरले नाहीत. हात दिसला तेव्हा ब्रेक दाबला, पण पानांवरून चाक सरकलं.

"मी पळालो नाही, बाई," ते म्हणाले. "स्कूटर बँकेच्या आडोशाला टाकली आणि परत आलो. पळालो असतो तर कुणाला कळलं असतं? रोज सांगायला यायचो तुमच्याकडे. रोज. तुम्ही माझा हात धरून आभार मानायच्या, मग कसं सांगू?"

मला त्या क्षणी त्यांची थोडी कीव आली, ती मी लगेच गिळली. मावशीच्या चेहऱ्यावर कीव नव्हती. ती म्हणाली, "माझ्या हाडाचं सोडा. हाडं जुळतात. त्या पोरावर आळ आला, तेव्हा तरी बोलायचं होतंत. माझं घर मोडलंत तुम्ही. केसाने गळा कापलात."

चष्मेवाल्यांनी मान वर केली. ते भांडायला उठले नव्हते. ते फक्त खरं बोलले, पहिल्यांदाच, आणि नेमकं नको त्या वेळी.

"मी त्याचं नाव कधीच घेतलं नाही, बाई. दवाखान्यात तुम्हीच मला विचारलंत, आमचाच तर नसेल ना हो? मी नुसता गप्प बसलो."

मावशीचा हात माझ्या खांद्यावर होता, तो जड झाला. हे मला माहीत नव्हतं. मी समजत होते की गल्लीने तिचे कान भरले. गल्लीत नाव निघायच्याही आधी तिने ते स्वतः काढलं होतं, दवाखान्याच्या खाटेवर पडल्या पडल्या, एका परक्या माणसापाशी. मला तिचा खांद्यावरचा हात झटकून टाकावासा वाटला. झटकला असता तर ती पडली असती, म्हणून नाही झटकला.

निघताना चष्मेवाले म्हणाले, पोलिसांकडे जायचं तर जा. ती म्हणाली, ते तुमचं तुम्ही जा. मग नाकावरच्या चष्म्याला हात लावला आणि म्हणाली, "हा ठेवून घेते. जुना तुम्हीच फोडलात."

तिथून तिला घरी यायचं नव्हतं, डेपोवर जायचं होतं. रिक्षाने आम्ही शहराच्या टोकाला गेलो. पत्र्याची मोठी शेड, एका बाजूला हिरव्या स्कूटर एकमेकींना टेकून उभ्या, दुसऱ्या बाजूला फळ्यांवर बॅटऱ्या, प्रत्येकीवर एक बारीक लाल दिवा. अर्ध्या स्कूटर ट्रकमध्ये चढल्या होत्या. माझा नवरा दांडे दोरीने बांधत होता. आम्हाला पाहून त्याने दोरी सोडली, एक खोकं पालथं घातलं, त्यावर आपली घडी केलेली सतरंजी टाकली आणि मावशीला बसवलं. पाणी आणलं. पाय कसा आहे, विचारलं.

मावशीने काही लपवलं नाही. वर केलेला हात सांगितला, भाषण सांगितलं, गुडघे सांगितले, आणि शेवटी दवाखान्यात तिने चष्मेवाल्यांना काय विचारलं होतं तेही सांगितलं. ते सांगताना तिने त्याच्याकडे बघणं टाळलं नाही, एवढं तिच्या बाजूने म्हणता येईल. "चुकलं माझं," ती म्हणाली. "घरी चला, जावईबापू."

तो बराच वेळ हातातल्या दोरीला गाठ मारत होता आणि सोडत होता. चष्मेवाल्यांबद्दल त्याने एक शब्द काढला नाही. मला वाटतं, ते त्याला महत्त्वाचे वाटलेच नाहीत.

"निघालो त्या दिवशी," तो म्हणाला, "मी जिन्यात थांबलो होतो. बॅग खाली ठेवून. वाटलं, तुम्ही हाक माराल."

मावशी म्हणाली, "मला ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"तू थांबला होतास ते. तुझी पावलं थांबली ती मला आत ऐकू आली होती."

शेडमध्ये ट्रकवाले काहीतरी ओरडत होते. तो तिच्याकडे बघत होता, ती पुढे काही बोलेल म्हणून. ती काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून बसली होती. त्याला जे जाणून घ्यायचं होतं ते कळलं, असं मला त्याच्या चेहऱ्यावरून दिसलं, आणि ते त्याला कळायला नको होतं असंही मला वाटलं.

"चला," तो म्हणाला, "रिक्षा कुठे शोधता. मी सोडतो."

त्याने तिला धरून टेम्पोत चढवलं, अगदी सांभाळून. आता तिने आपला सगळा भार त्याच्यावर टाकला. वाटभर तो रस्त्यावरचे खड्डे चुकवत होता. आमच्या दारासमोर त्याने टेम्पो थांबवला, तिला उतरवलं, काठी हातात दिली. मी म्हटलं, वर ये ना. तो म्हणाला, टेम्पो आजच परत द्यायचाय, ट्रक संध्याकाळी निघेल, तिकडे खोली मिळाली की कळवतो. मग मावशीच्या पाया पडला. पाहुणा निघताना पडतो तसा पडला आणि गेला.

आम्ही दोघी जिन्याच्या तोंडाशी उभ्या होतो. टेम्पोचा आवाज वळणावरून गेला तरी मावशी हलेना. मग म्हणाली, "तू जा त्याच्याबरोबर. माझं मी बघेन."

मी तिचा हात माझ्या खांद्यावर घेतला.

"आधी जिना चढ," मी म्हटलं.